हातचा एक

कार्दलाच्या बंदर-कचेरीत रात्रपाळीला
आइली पुनापू सोळाशे चौदा फायली उघडून बसते.
हीउमा बेटावरच्या रेडिओ-पहाऱ्याच्या जुन्या नोंदी,
वह्यांवरून कुणीकुणी टंकून ठेवलेल्या,
एकाच बोटीचं नाव चार तऱ्हांनी.

वरून विचारणा साधीच आहे:
उत्तरेचा दिवा दिसत नाही, असं कळवलं कुणी, आणि केव्हा?

ती शोध टाकते. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच
दोनशे सात ओळी:
दिवा दिसत नाही
दिवा दिसत नाही
दिवा अजूनही दिसत नाही
एकीला धरून विचारावं, तू गं कुणाची?
तर तिला सांगता येत नाही.
नाव तेरा ओळी वर राहिलंय,
तारीख त्याच्याही वर,
पुढं काय झालं ते खाली कुठंतरी.

मग ती फर्मावते:
‘आरंभ’पासून ‘अखेर’पर्यंत सगळं उचल.
यंत्र आधाशी. पहिल्या आरंभाला तोंड लावलं
ते फायलीतल्या शेवटच्या अखेरीला ढेकर दिली.
एकाहत्तर सालचा अख्खा नोव्हेंबर
एका घासात.

बरं, बेतानं घे. पहिली अखेर दिसली की थांब.
आता ते इतकं बेतानं जेवतं
की बोटीच्या नोंदीतली हवामानाची नोंद संपताच
पानावरून उठतं, हात धुतं.
बोट मात्र अजून समुद्रात.

कारण पहारेकरी एकाचं ऐकता ऐकता
मध्येच दुसऱ्याला ओ देत,
आणि पहिल्याच्या पोटात दुसऱ्याची नोंद उघडत.
काही जागी तिसऱ्याचीही.

दोन वाजता कॉफी. धक्का रिकामा.
आइली बोटं मोडते,
शाळेतल्यासारखी स्वतःशी पुटपुटते,
आणि यंत्राला सहा ओळींत समजावते:
आरंभ दिसला, हातचा एक.
पोटात आणखी आरंभ, हातचे दोन.
अखेर आली, एक कमी.
शून्य झालं की अख्खी नोंद उचल,
नावासकट, तारखेसकट.
आत दिवा असेल तर ठेव, नसेल तर सोड.

उजाडेपर्यंत एकसष्ट बोटी नावानिशी समोर.

एक फाईल मात्र तशीच बसून,
हातचा एक घट्ट धरून.
अठ्ठ्याहत्तर, नऊ एप्रिल. बोट: कायाकास.
‘दिवा दिसत नाही. दाट धुकं.
इंजिन बंद करून कान देतो आहोत.’
त्यापुढं काही नाही.
पुढच्या फायलीत दुसऱ्याची पाळी, दुसरीच धाटणी.

पहाऱ्यावर तेव्हा हेल्दुर होता.
शनिवारी ती त्याच्या घरी जाते.
म्हातारा अंगणात मासे धुरावर टांगतोय,
जुनिपरच्या ओल्या फांद्या, डोळ्यांना पाणी.
कसं विचारावं तिला सुचत नाही.
बोटीचं नाव तेवढं घेते.

‘कायाकास? अगं, ते आले की!
भोंगा ऐकला आणि मी धावलो तसाच,
कानाला हेडफोन, तार मागं लोंबतेय.
ओस्कारनं धक्क्यावरच मला मिठी मारली,
सगळा कोट माशांच्या खवल्यांनी भरला.
वहीकडं कोण बघतंय मग?’

‘घालू का आता अखेर?’
तो एक मासा उलटा करतो.
‘तुझ्या यंत्राचं अडतंय?’
‘अडतंय.’
‘अडू दे की जरासं.’

सोमवारी ती फाईल उघडते, तशीच मिटते,
अक्षराला हात लावत नाही.
टिपणात मात्र सातवी ओळ घालते:
फायल संपली आणि हातचा उरला,
तर टाकून देऊ नकोस. मला दाखव.

अहवालात बोट बासष्टावी, कायाकास.
शेरा: आली.